मोटारबोटीचं लायसन आणि आमचे मामेसासरे

आमच्या मामेसासऱ्यांना जन्माला घालताना ब्रह्मदेवानं आधी स्वतःचं लायसन दाखवलं असणार, अशी माझी खात्री आहे. नाहीतर हा गृहस्थ जन्माला यायला तयारच झाला नसता. माझ्या बायकोचे हे मामा मुंबईच्या बंदरातल्या एका कचेरीत तेहतीस वर्षं एकाच खिडकीमागे बसले. हौसेनं मोटारबोटी बाळगणारे बडे लोक त्या खिडकीशी यायचे आणि मामा त्यांचं वय, नजर आणि पोहणं तपासून त्यांना बोट चालवायचं लायसन द्यायचे. द्यायचे म्हणजे बहुतेकदा द्यायचे नाहीत. "एका संस्थानिकाच्या चिरंजीवाला मी परत पाठवलंय. अठरा पूर्ण व्हायला चार दिवस कमी होते," हे ते अशा थाटात सांगायचे, की ऐकणाऱ्याला वाटावं, गडच सर केला. आणि एवढ्या वर्षांत मामा स्वतः एकदाही मोटारबोटीत बसले नव्हते. ज्याला लायसन द्यायचं त्याच्याच बोटीत बसणं म्हणजे लाच, असं त्यांचं मत. निवृत्त होऊन खालापूरच्या अलीकडे आमच्या गावी राहायला आले तेव्हा त्यांची एकच इच्छा उरली होती. मरण्यापूर्वी एकदा मोटारबोटीचं चाक स्वतःच्या हातात धरायचं. एकदाच, पण रीतसर. या 'रीतसर'नं आम्हा सगळ्यांच्या नाकी नऊ आणले.

खरं तर मला याची चुणूक माझ्या लग्नातच मिळाली होती. कर्जत स्टेशनापासून मांडवापर्यंत मला मोटारीतून वाजतगाजत नेणार होते. मामांनी ड्रायव्हरकडे लायसन मागितलं. ते संपून आठवडा झाला होता. झालं! बाशिंग बांधलेला मी, मागे बँडवाले आणि पुढे मोटारीच्या दाराला पाठ लावून उभे असलेले मामा. "भाचजावई आहे आमचा. त्याला बेकायदा वाहनातून मांडवात आणू?" शेवटी मी वैशाखातल्या उन्हात पायी गेलो आणि घामानं निथळत जेमतेम मुहूर्त गाठला. सासरे माझी समजूत घालायला म्हणाले, "मनावर घेऊ नका, ते बंदरात असतात." जणू तो एखादा आजारच होता. पुढे हा आजार आमच्या घरापासून चार घरं सोडून कायमचा राहायला येणार आहे, हे तेव्हा कळलं असतं तर मी त्याच मोटारीतून उलट दिशेला निघून गेलो असतो.

आणीबाणीच्या आधीची दोनेक वर्षं. आमच्या गावामागे पाटबंधाऱ्याचं एक तळं आहे. दिवाळी झाल्यावर गावच्या भातगिरणीच्या शेठनं मुंबईहून एक जुनी मोटारबोट विकत आणली आणि बैलगाडीवर चढवून तळ्याकाठी नेली. चार माणसं बसतील एवढीशी बोट, निळा रंग उडालेली, पण तिला सुकाणूचं खरंखुरं चाक होतं. गाव लोटलं. मामाही आले. चाकाकडे त्यांनी जे पाहिलं, तसं मी त्यांना मामींकडेही कधी पाहताना पाहिलं नव्हतं. मग त्यांनी घसा खाकरला आणि शेठना विचारलं, "लायसन?"

"मामा, तळ्यात कसलं लायसन वो? हितं म्हशी डुंबत्यात, त्यांना हाय का लायसन?"

शेठ हसले, गाव हसलं. पण शेठची बायको हसली नाही. त्या माउलीला पाण्याचा जन्माचा धसका होता आणि तिचा एकुलता एक बाळाराम बोटीत चढायला पायताण काढून उभा होता. तिनं त्याचा दंड धरला आणि साऱ्या गावासमोर सांगून टाकलं, "मामा सही करतील त्या दिशी आमचं मालक नि माझा पोरगा बोटीत बसत्याल. आदी नाय." झालं, मामांना हवं होतं ते मिळालं. कुणीही न दिलेली सत्ता माणूस फार मन लावून चालवतो.

पण मामांना ती सत्तासुद्धा रीतसर हवी होती. गावच्या शाळेतला मास्तर म्हणून मीच त्यांचा बिनपगारी लेखनिक. त्यांच्याबरोबर मी खालापूरच्या कचेरीत तीन हेलपाटे घातले. तिथल्या कारकुनानं शांतपणे सगळं ऐकलं आणि म्हणाला, "मामा, हितं पान्याची तक्रार येती ती पानी नाय म्हनून. पान्यावर चालवायचं लायसन कुनी मागितलं नाय आजवर." मग मामांनी आपल्या जुन्या कचेरीला पत्र घातलं. उत्तर आलं, की बंदरापासून इतक्या आत असलेलं तळं आमच्या हद्दीत येत नाही. मी सुटकेचा निःश्वास टाकला. मामांनी ते पत्र घडी घालून खिशात ठेवलं आणि म्हणाले, "तळं कुणाच्या हद्दीत नाही, म्हणून त्यात माणूस बुडायचा थांबत नाही, जावईबापू."

त्या संध्याकाळी त्यांनी दोनशे पानी वही घेतली आणि तळ्याचा कायदा लिहायला बसले. मोटारबोट म्हणजे काय इथपासून सुरुवात. चालकाचं वय अठरा पूर्ण. साठीपुढच्या चालकाला डोळ्यांच्या डॉक्टरचा दाखला. पोहता आलंच पाहिजे. तळ्यात चार पिंपं रंगवून सोडायची आणि त्यांच्या बाहेर जायचं नाही. प्रत्येकानं छातीला आणि पाठीला तुपाचे रिकामे डबे तोंडं झाळून बंद करून, दोरीनं बांधून बसायचं. हे डबे माणसाला तरंगवतात की नाही याची चाचणी माझ्यावर झाली. चाळिशीला टेकलेला, मुलांना छडीच्या धाकात ठेवणारा मी मास्तर अंगाला चार डबे बांधून कमरेइतक्या पाण्यात उभा होतो आणि काठावर माझाच चौथीचा वर्ग टाळ्या वाजवत होता. मी तरंगलो. माझी अब्रू तेवढी बुडाली.

शेठ परीक्षेला बसले ते पहिल्याच प्रश्नाला आडवे झाले. "समोरून दुसरी मोटारबोट आली तर आपली बोट कुठल्या बाजूला घ्याल?" शेठ म्हणाले, "बोट आपली, तळं आपलं. समोरून येनार कोन, मामा?" मामांनी वहीत नापास असा शेरा मारला. बाळारामनं मात्र अख्खी वही पाठ केली होती. तो पोहण्यात पट्टीचा, हात स्थिर आणि नजर घारीची. मामा खूश झाले. म्हणाले, "आता फक्त वयाचा दाखला आणायचा."

आणि तिथे माझं पाप उभं राहिलं. बाळाराम एकोणीस वर्षांचा होता, मिशा फुटलेला, गिरणीतली पोती एका हातानं फिरवणारा. पण शाळेच्या दाखल्यावर तो होता साडेसतरा! हा घोळ माझाच. मी नोकरीला नवा असताना शेठ आठ वर्षांच्या या पोराला घेऊन शाळेत आले होते. "सहाचा लावा गुरुजी. पुढं नोकरीत दोन वरसं जास्त मिळत्याल." मी लावला. जन्मतारीख कुणालाच ठाऊक नसायची, म्हणून शाळा उघडायच्या सुमाराची एक जून टाकली. त्या वर्षी माझ्या पहिलीच्या वर्गात सत्तावीस मुलं होती आणि सत्तावीसही एक जूनला जन्मलेली. आमच्याकडचे सगळे मास्तर असंच करायचे. त्याला आम्ही परोपकार समजत होतो.

"मामा, तो एकोणीसचा आहे. मी सांगतो ना! दाखला मीच लिहिलाय."

"मग दाखला खोटा लिहिला, एवढं एका कागदावर लिहून द्या. खाली सही, हुद्दा आणि तारीख."

मी कागद हाती घेतला नाही. मलाही बायकापोरं होती. बाळारामची आई म्हणाली, "गुरुजी, आटव्या महिन्यात झाल्यापास्नं वाडवला मी त्याला, माजी साक्ष चालंल का?" मामांनी मान हलवली. "वहिनी, कागद म्हणजे कागद." पोरगा महिनोन्महिने रोज संध्याकाळी जाऊन बोट पुसून यायचा. त्याच्या पाठीकडे बघून माझा जीव तुटायचा आणि मामांच्या टकलावर तीच वही हाणावी अशी अनावर इच्छा व्हायची.

अखेर एक जून आला. बाळाराम कागदावर अठरा पूर्ण झाला. सकाळी सगळे तळ्यावर गेलो तर तळ्यात नुसता चिखल! एक जूनला आमच्या तळ्यात पाणी असतंच कुठे? एवढा मोठा मी मास्तर, पण सगळ्या गावाचे जन्म कोरड्या तळ्यावर मांडताना हे माझ्याही डोक्यात आलं नव्हतं. पुढच्या आठवड्यात पाऊस लागला आणि मामांनी वही उघडून दाखवली. पावसाळ्यात बोट बंद.

नवरात्रात तळं काठोकाठ भरलं, ऊन पडलं. दसऱ्याला बाळारामनं बोट काढायची आणि त्याच्यामागून मामांनी, असं ठरलं. मामांचीही परीक्षा व्हायला हवी होती आणि ती घ्यायची मी, कारण स्वतःचे पेपर स्वतः तपासणं मामांना मंजूर नव्हतं. मी बंधाऱ्यावर बसून त्यांनीच लिहिलेले प्रश्न त्यांना विचारले. तोंडीत पैकीच्या पैकी. आता दोन दिवसांत मामा चाकावर बसणार आणि आमच्या मागची पीडा टळणार, म्हणून मी घाईघाईनं त्यांचा अर्ज पुढे ओढला. वयाच्या रकान्यात त्यांनी बासष्ट लिहिलं होतं.

"मामा, तुमच्या दाखल्यावर एकोणसाठ आहे! साठीच्या आत. डोळ्यांचा दाखलासुद्धा लागत नाही."

"माझ्या गुरुजींनीही तुमच्यासारखाच परोपकार केला होता," मामा म्हणाले. "थोरल्या बहिणीच्या लग्नात मी रांगत होतो. त्याचा हिशेब बासष्टच येतो. आणि ते पिवळं पिंप आहे ना तळ्यात, त्याच्या जागी मला धूर दिसतो. मोतीबिंदू आहे. डॉक्टर म्हणतात, अजून पिकायचाय, पिकल्यावर काढू."

माझा तोल सुटला. "मग त्या पोराला कागद कागद करून वर्षभर का रखडवलंत? त्याला कागद लावलात आणि स्वतःला नाही?"

मामा जराही चिडले नाहीत. खिडकीमागून बोलावं तशा आवाजात म्हणाले, "जावईबापू, कागद थांबवतो तिथं कागद खरा धरायचा. थांबल्यानं कुणी बुडत नाही. कागद सोडतो तिथं मात्र आपण डोळे तपासायचे." आणि स्वतःच्याच अर्जावर त्यांनी सावकाश, वळणदार अक्षरात 'नामंजूर' असं लिहिलं. खाली सही आणि तारीख घातली. जन्मभर जपलेली एवढीशी हौस, आणि तिच्यावर फुली मारायला दुसरं कुणी नव्हतं म्हणून ती यांनी स्वतःच मारली. मला त्यांचा इतका राग आला, की डोळ्यांत पाणी आलं.

दसऱ्याला शेठच्या बायकोनं बोटीला हळदकुंकू लावलं, चाकाला झेंडूची माळ घातली. बाळारामला लायसन मिळालं. तो चाकाशी, शेजारी मामा, मागे मी, आणि तिघांच्याही अंगावर तुपाचे डबे. इंजिन धडधडलं, काठावर आरोळी उठली, आणि वयाच्या बासष्टाव्या वर्षी मामा पहिल्यांदा मोटारबोटीतून निघाले. त्यांचं लक्ष ना पाण्याकडे होतं, ना डोंगरांकडे. त्यांची नजर चाकावरून हलत नव्हती. ते बाळारामच्या ध्यानात आलं.

तळ्याच्या मध्यावर तो म्हणाला, "मामा, धरा की जरा. कोन बगतंय हितं?"

मामांनी दोन्ही हात मांडीखाली दाबून धरले. "मी बघतोय ना."

"अहो मामा, धरा एकदाचं!" मी मागून ओरडलो. "कुणाचं काय बिघडतंय?" त्यांनी मान हलवली.  बाळारामनं इंजिन बंद केलं. एकदम सगळीकडे सामसूम झाली.

"मामा, पयलंच कलम हाय तुमच्या वहीतलं. यंत्राच्या बळावर चालते ती मोटारबोट. आता यंत्र बंद हाय. म्हंजे ही निसती व्हडी झाली. व्हडीला लायसन तुमी लिवलेलंच नाय."

मामा विचारात पडले. त्यांचे ओठ हलत होते, मनातल्या मनात ते कलमामागून कलम वाचत असावेत. बऱ्याच वेळानं ते म्हणाले, "जागा बदलताना बोटीत उभं राहायचं नाही." मग डबे वाजवत, बसल्याबसल्या सरकत ते चाकामागे गेले.

वाऱ्याबरोबर बोट आपली हळूहळू वाहत होती. चाक फिरवून काही होत नव्हतं. पण मामा ताठ बसून ते फिरवत होते, थोडं डावीकडे, थोडं उजवीकडे, समोर न दिसणाऱ्या पिंपांना बाजू देत. मोतीबिंदू पिकायच्या आतच, पुढल्या पावसाळ्यात मामा गेले, त्यामुळे चाक त्यांच्या हाती आलं ते एवढंच. त्या माणसानं मला आयुष्यात जेवढं छळलं तेवढं कुणी छळलं नसेल. त्या दिवशीसुद्धा, 'मामा, चाकानं काही होत नाहीये, बोट वाऱ्यानं चाललीय,' हे माझ्या अगदी जिभेवर आलं होतं. पण ते मान किंचित वळवून मला म्हणाले, "हलकं आहे हो चाक. मला वाटलं होतं, जड असेल." वाऱ्यानं आम्हाला काठाला लावेपर्यंत बाळारामनं इंजिनाला हात लावला नाही, आणि मीही तोंड उघडलं नाही.