सीलबंद बाटलीतलं पाणी

नोकरीतल्या बऱ्याच केसेस विसरलो. ही विसरता आली नाही, कारण तिच्यात चूक माझी होती.

दुष्काळाचं वर्ष. शहर वाढत औद्योगिक वसाहतीला भिडलेलं, आणि तिथल्या एका वस्तीला एकच विहीर. शहागंजचा एक टँकरवाला ठाण्यात आला. "साहेब, त्या विहिरीचं पाणी पिवळं दिसायलंय."

विहिरीला लागून, नटबोल्टांना गंज लागू नये म्हणून मुलामा देणारा कारखाना होता. पूर्वी मुलाम्याच्या हौदात विषारी, पिवळं क्रोमियम वापरत. मालक म्हणाला, "ते कधीच बंद केलं. नवा, बिनविषारी हौद बघा की!" हौद खरोखरच होता.

मी विहीर बंद केली. पंचांसमक्ष बाटली भरली, सील केली, मुद्देमाल रजिस्टरला नोंद घेतली. पत्र, सही, जावक क्रमांक यात दहा दिवस गेले. प्रयोगशाळेचा अहवाल आला, विषारी क्रोमियम नाही. मीच विहीर उघडून दिली.

आठवड्यानं वस्तीतली एक बाई ठाण्यात आली. "साहेब, तुमच्या कागदावर भरवसा ठेवला. पाणी पुन्हा पिवळंच हाय."

मी चिडून प्रयोगशाळेतल्या मॅडमना फोन लावला. त्यांनी विचारलं, "बाटली कधी भरली होती?"

मी सांगितलं.

"अहो, विहिरीसारख्या पालापाचोळा कुजलेल्या पाण्यात हे विष टिकत नाही, त्याचं रूप बदलतं. विहिरीत रोज नवं येतं, तुमच्या बाटलीत कुठून येणार? ताबडतोब तपासायला हवं होतं."

मला स्वतःची लाज वाटली. पण लाजून बसायला वेळ नव्हता. कारखान्यातल्या जुन्या कारागिराला बोलावलं. तो तासभर नाही-नाही म्हणत राहिला. मी म्हणालो, "चाचा, हात दाखवा." बोटांवर गोल, खोल जखमा, काही अगदी ताज्या. नव्या हौदानं अशा जखमा होत नाहीत, हे मॅडमनी सांगितलं होतं.

चाचांनी मान खाली घातली. "नवा हौद नुसता दाखवायला हाय, साहब. गिऱ्हाईकाला पिवळी चमक पाहिजे. माल जुन्यातूनच निघतो. धुवायचं पाणी मागच्या खड्ड्यात."

त्याच दुपारी मॅडम आल्या. पंचांसमोर आणि मालकासमोर खड्ड्याच्या आणि विहिरीच्या पाण्यात, हे विष असलं की जांभळा रंग देणाऱ्या औषधाचे थेंब टाकले. दोन्हीकडचं पाणी जांभळं झालं. मालकाला तिथंच ताब्यात घेतलं.

त्यानंतर जाणकाराला "हे किती तास टिकतं?" असं विचारल्याशिवाय मी एकही नमुना सील केला नाही. सहकारी हसायचे, हसू देत.

विहिरीला पुन्हा कुलूप लावताना ती बाई शेजारी उभी होती. तिनं विचारलं, "मधल्या आठवड्यात लेकरांनी पिलं, त्याचं काय?"

"चूक माझी आहे," एवढंच मी म्हणू शकलो.