हिरव्या लुगड्याची हमी

मी आयुष्यात एकदाच लुगडे नेसलो, आणि तेही वडिलांच्या आग्रहाखातर.

देश स्वतंत्र होऊन चारपाच वर्षे झाली होती आणि मला नागपूरच्या कॉलेजातून मोकळे करण्यात आले होते. (नापास हा शब्द आमची माय घरात उच्चारू देत नसे.) केशोरीला आमचे लुगड्यांचे दुकान होते. ते बापू, म्हणजे माझे वडील, चालवत. चालवत म्हणजे काय, गप्पा मारत! बाई दुकानात आली की तिची म्हैस व्याली का, सासूचा गुडघा कसा आहे, पोरीला मागणी आली का, हे सगळे विचारून झाल्यावर बापूंना आठवे की आपण कापड विकतो. मग ते एखादे लुगडे काढत आणि स्वतःच त्याची बदनामी सुरू करत.

"हा नको घेऊ वो. दिसाले चांगला हाय, पर रंग जाते याचा. तो जाडा घे."

बाई तो जाडा घेई, उलगडूनही न पाहता काखेत मारी आणि चालू लागे. बापूंनी दिलेले लुगडे उलगडून पाहणे हा आमच्या पंचक्रोशीत बापूंचा अपमान समजला जाई.

मी मात्र नागपूर पाहून आलो होतो. तिथे दुकानांवर पाट्या होत्या, भोंगे होते, आपल्या मालाला वाईट म्हणणारा एकही दुकानदार नव्हता. हे असेच चालले तर आपण रस्त्यावर येऊ, आता प्रचाराचा जमाना आहे, गिऱ्हाइकाचा विश्वास जिंकावा लागतो, असे मी बापूंना तासभर समजावले. त्यांनी शांतपणे ऐकून घेतले आणि जेवलास का म्हणून विचारले.

आषाढात आत्या आजारी पडली आणि बापू चार दिवसांसाठी साकोलीला गेले. जाताना त्यांनी सगळ्यात वरच्या फळीवरच्या गठ्ठ्याकडे बोट दाखवले. त्यात पोपटी रंगाची बारा लुगडी होती. गोंदियाच्या ठोक व्यापाऱ्याने ती गळ्यात मारली होती आणि बापूंना ती परत पाठवायची होती. त्याला हात लावू नको, एवढेच ते म्हणाले. का लावू नको, हे सांगितले असते तर पुढचे काही घडले नसते. (हे माझे म्हणणे आहे. मायचे म्हणणे वेगळे आहे.)

तिसऱ्या दिवशी आठवडी बाजार होता. मी पत्र्याचा भोंगा करवून आणला, दुकानासमोर खाट टाकली, खाटेवर उभा राहिलो आणि शेजारी पाण्याची बादली ठेवली. भोंग्यातून ओरडून गर्दी जमवली आणि एक पोपटी लुगडे बादलीत बुडवले. बुडवले न बुडवले तोच वर काढले. पाणी स्वच्छ! गर्दीतून आश्चर्याचा आवाज आला, आणि तो माझ्या डोक्यात गेला. उन्हात घाला, पाण्यात घाला, धानाच्या रोवणीच्या चिखलात घाला, रंग हलायचा नाही, अशी मी हमी देऊन टाकली.

गर्दीत भागरताबाई होती. गावातल्या डझनभर रोवणाऱ्या बायांची ती म्होरकी. कोणाच्या बांधीत, म्हणजे धानाच्या शेतात, आधी रोवणी करायची हे तीच ठरवी, त्यामुळे मोठमोठे शेतकरी तिच्याशी नमून बोलत. तिने भोंग्याकडे पाहिले, माझ्याकडे पाहिले आणि शांतपणे विचारले, "अन् गेला त?"

इथे शहाण्या माणसाने भोंगा खाली ठेवला असता. "गेला तर हेच लुगडे नेसून मी अख्ख्या बाजारातून फिरेन!" असे मी भोंग्यातून सांगितले, म्हणजे पलीकडच्या बैलबाजारापर्यंत सांगितले. तासाभरात बाराच्या बारा लुगडी खपली. त्या दिवशी मी जेवताना मायला म्हणालो की बापूंना हे कधी जमले नसते.

आता रोवणीला नवे लुगडे कोणी नेसत नाही. घरात जे सगळ्यात जुने, विटके, फाटके असेल ते त्या चिखलासाठी असते. पण मी चिखलाची हमी दिली होती, आणि भागरताबाई दिलेल्या हमीचा पुरेपूर उपयोग करणारी बाई होती. दुसऱ्या दिवशी सकाळी तिच्यासकट बारा जणी नवी कोरी पोपटी लुगडी नेसून बांधीत उतरल्या. माझ्या बादलीत लुगडे पापणी लवेपर्यंत राहिले होते. बांधीत ते सकाळपासून संध्याकाळपर्यंत, गुडघाभर गढूळ पाण्यात राहिले.

दुपारी बांधीचा मालक आमच्या दुकानात धावत आला. पाणी हिरवे झाले, रोपाचा रंग उतरून राहिला की काय, असे तो घाबरून विचारत होता. मी त्याला धीर दिला. संध्याकाळी खरे कारण स्वतःच्या पायांनी चालत आले. बारा जणी ओळीने दुकानासमोर उभ्या राहिल्या. लुगडी खालून पांढुरकी पडली होती आणि बाया गुडघ्यापर्यंत पोपटी झाल्या होत्या. भागरताबाईने पदराने घाम पुसला असावा, कारण तिचे अर्धे कपाळही हिरवे होते.

नेमके त्याच वेळी बापू साकोलीहून परतले. पिशवी हातातच ठेवून त्यांनी सगळे ऐकून घेतले. मग ते बायांना म्हणाले, लुगडी बदलून नेजा, चूक दुकानाची आहे.

"बदलून त नेऊच," भागरताबाई म्हणाली. "पर तुह्या पोट्ट्यानं जबान देल्ली हाय, बापू. आता सांग, तुह्या दुकानची जबान खरी समजाची का नाही? नाही त आम्ही अर्जुनीच्या बाजारी जाऊ."

बापूंचा चेहरा उतरला. मी त्यांना तसे कधी पाहिले नव्हते. वीस वर्षे न उलगडता नेलेली लुगडी त्या एका प्रश्नावर टांगली होती, आणि ती मी टांगली होती. मला खरोखर लाज वाटली. तरी मी हळूच म्हणालो की तसे बोलायची नुसती पद्धत असते, नागपूरला सगळेच बोलतात.

"हे नागपूर नोहे," बापू म्हणाले. "नेसजो."

पुढच्या बाजारी मायने मला त्यांतलेच एक पोपटी लुगडे नेसवले. कासोटा खोचताना ती तोंडात पदर कोंबून हसत होती. मी मिशी काढू का विचारले, तर कायले, चांगली दिसते, म्हणाली. दुकानातून बाहेर पाऊल टाकले आणि पाहतो तो बापू छत्री घेऊन उभे. मला एकट्याने जाऊ द्यायला ते तयार नव्हते. लोक हसत होते, आणि मी बापूंच्या शेजारी जाऊन चालू लागलो.

पावसाची बुरबुर सुरू झाली. छत्री एक आणि माणसे दोन, त्यामुळे माझी डावी बाजू हिरवी होऊ लागली. भाजीवाल्यांनी तराजू सोडले. शाळेतले माझे जुने मास्तर वांगी निवडत होते, ते तसेच वांग्यांत तोंड घालून बसले. आमच्या भागातल्या प्रतापगडाकडून आलेली एक म्हातारी, जिला धड दिसत नव्हते, कौतुकाने म्हणाली, "केवढी उंच बाई हाय! कोनाची सून वो?"

"माझीच," बापू म्हणाले आणि चालत राहिले.

दुकानापाशी भागरताबाई आपल्या सगळ्या बायांसह उभी होती. हसून हसून तिचे डोळे वाहत होते. ती ओटीवर चढली, सरळ जाड्या लुगड्यांपाशी गेली आणि एक काखेत मारले. उलगडून पाहिले नाही. बापूंनी तिला सासूचा गुडघा विचारला, आणि आमचे दुकान वाचले.

त्यानंतर धंदा असा वाढला की बापूही चकित झाले. लांबलांबच्या गावांतून बाया येत, पण बापूंच्या हातून लुगडे घ्यायला तयार नसत. त्यांना मी पाहिजे. लुगडे माझ्यापुढे धरून, "याची देशील का हमी?" म्हणून विचारत, मी मान हलवली की घेत आणि घरी नेऊन दगडावर जीव खाऊन धोपटत. गिऱ्हाइकाचा एवढा विश्वास नागपूरच्या कुठल्याही दुकानदाराने कमावला नसेल: आज ना उद्या याच्या लुगड्याचा रंग नक्की जाणार आणि हा पुन्हा बाजारातून फिरणार, अशी प्रत्येकीची खात्री होती.