उलटा वायसर

विनायकरावांनी सायकलच्या पंपाचा दांडा ओढून बाहेर काढला, टोकाचा चामड्याचा वायसर पाहिला आणि समोरच्या फिटरला विचारले, "हा सरळ कुणी केला?"

"मीच, डॉक्टर. कुणा अडाण्यानं उलटा बसवलावता."

"तो अडाणी मी."

पिंपरीच्या दवाखान्यात त्यांचा साहाय्यक म्हणून तो माझा पहिला दिवस. आमचा परिचय असा झाला.

फिटर चाकणकडचा. लग्नाला तीन वर्षे झाली होती, पण ऐन वेळी शरीर साथ देत नव्हते. भस्मे, चाटणे सगळी करून झाली होती. मूल नाही म्हणून त्याची आई सुनेलाच बोल लावी.

"उद्या मेव्हणा येतोय," तो म्हणाला. "तिला कायमची न्यायला."

विनायकरावांनी त्याला औषध दिले नव्हते. काचेची नळी आणि तिला जोडलेला पंप दिला होता. वायसर उलटा असला की पंप हवा भरत नाही, ओढून घेतो. नळी इंद्रियावर बसवून आतली हवा ओढली की तिथे रक्त उतरते आणि मुळाशी चढवलेली रबराची कडी ते थोपवून धरते. फिटरने हाताच्या सवयीने वायसर 'दुरुस्त' केला आणि नळी उडाली.

वायसर पुन्हा उलटा बसवून विनायकरावांनी त्याच्या पत्नीला आत बोलावले. असल्या गोष्टी दोघांना एकत्रच सांगायच्या, हा त्यांचा नेम. सांगताना ते खुर्ची खिडकीकडे वळवून पाठमोरे बसत. समोर डोळे नसले की माणसे विचारतात, असे ते म्हणत.

नळी कशी लावायची ते त्यांनी सांगितले. मग बाई म्हणाली, "ह्यास्नी दुखंल का?"

"हळू ओढलंत तर नाही. कडी मात्र अर्ध्या तासाच्या आत काढायचीच. तशीच ठेवून झोपायचं नाही."

"मग पंप माज्याकडं द्या. ह्यांचा हात गप ऱ्हात न्हाई."

विनायकरावांचे खांदे हलताना मला दिसले. फिटरही हसला. आल्यापासून प्रथमच.

पुरुषार्थावर विनायकरावांनी कधी व्याख्यान दिले नाही. अधू पायाला काठी देताना आपण माणसाची लाज काढत नाही, एवढेच ते म्हणत. आज साठी पूर्ण करणाऱ्या विनायकरावांना निरोगी, दीर्घ आयुष्य लाभो. संकोचून आलेल्यांना त्यांची ती पाठ अजून पुष्कळ वर्षे हवी आहे.

हे सारे त्या जोडप्याच्या संमतीने लिहिले आहे. दुसऱ्या दिवशी सकाळी मेव्हणा आला. बहिणीने त्याला भाकरी वाढली आणि एकट्यालाच परत पाठवले.