नाक रजेवर, भरीत माझ्या हवाली

त्या थंडीत माझं नाक चेहऱ्यावर जागच्या जागी होतं. फक्त कामावर यायचं बंद झालं होतं.

विषाणूचा ताप आला, गेला, आणि जाताना वास घेऊन गेला. जळगावच्या घरी हे फक्त बायकोला ठाऊक. ती म्हणाली, "अक्कांना सांगून टाका." मी कसला सांगतोय! असोद्याला अक्काच्या, म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीच्या घरी माझ्या नाकाला केवढा मान! भरताची वांगी भाजली की नाही, हे मी नुसत्या वासावरून सांगायचो. (जावयालाही तिथे एवढं कोणी विचारत नाही.)

अशात अक्काच्या वैशालीला पाहायला धुळ्याची मंडळी आली. शेतातच भरीत-पुरीचा बेत. अक्का म्हणाली, "भाऊ, वांगे तुह्या हवाली. आज इज्जत तुह्या नाकावर!"

मी कपाशीच्या वाळल्या पऱ्हाट्यांच्या जाळापाशी बसलो. मुलाचे वडील, नाना, शेजारी येऊन टेकले आणि आपल्या नव्याकोऱ्या लोकरी शालीचं एक टोक त्यांनी मायेनं माझ्या खांद्यावर टाकलं. समोर केळीच्या बागेवर धुकं तरंगत होतं. ऊब अंगात भिनत होती. डोळे आपोआप मिटले आणि मी आठवणीतले वास घेऊ लागलो... उन्हात वाळणाऱ्या मिरच्या, मेहरुणची बोरं, आईच्या हातची कळण्याची भाकरी...

"वा! काय मस्त वास शे!" नाना म्हणाले.

मी दचकलो. "हो ना! वांगी उतरायला आलीच." (दिलं ठोकून!)

"मिरचीना बी वास शे!"

"आणि लसणाचा!" मी कशाला मागे राहतो! (मिरची-लसूण अजून पिशवीतच होते.)

लांबून अक्का ओरडली, "भाऊ, काय जयतंय रे?"

"काही नाही! भरीत जमतंय!"

"अरे, लोकर जयल्यावानी वास येतोय!"

"वांग्याची साल आहे ती!"

"सालच शे!" नानांनी मान डोलावली.

तेवढ्यात वैशाली धावत आली आणि तिनं पाण्याची अख्खी बादली आमच्या दोघांवर रिकामी केली. जाळात लोंबलेली अर्धी शाल जळून गेली होती. वांग्यांचा कोळसा झाला होता.

"मामा, तुम्हाला खरंच वास नाही आला?"

"नाही गं," मी मान खाली घातली. "तापापासून काहीच येत नाही." अक्काचा चेहरा पाहवेना. माझ्यापायी पोरीचं लग्न मोडलं!

नानांनी मिशीतलं पाणी निपटलं. "भाऊ, माले बी येत नही! मी तुमनाच नाकना भरवसावर बठेल व्हतू!"

मग नानाच वैशालीकडे वळले. "पोर पसंत शे! आमना घरमा एक तरी नाक चालू पाहिजे!"

लग्न थाटात झालं. मांडवात आम्हा दोघांना खास वेगळी जागा दिली होती. गर्दी नाही, गडबड नाही, आसपास एकही पाहुणा नाही. "केवढा मान ठेवला आपला!" असं म्हणत आम्ही तिथे पोटभर जेवलो. पाठीमागे गटार तुंबलं होतं, हे आम्हाला पुढे फोटोत वाढप्यांच्या नाकावरचे रुमाल पाहून कळलं!