जंतांना सोवळं कळत नाही

आमच्या लहानपणी डोंबिवलीत घरोघर एरंडेलाचा रविवार असे. आमच्याकडे तो महिन्यातून दोनदा उगवायचा, कारण आमचे जंत माहेरवाशिणीसारखे परत परत यायचे. आदल्या दिवशी वावडिंगाचा काढा, सकाळी नाक दाबून एरंडेल. थुंकलं की आईचा धपाटा आणि पुन्हा एरंडेल. वर गूळ बंद! "गोड खातेस म्हणून होतात," म्हणे. अहो, मला गूळ नजरेला तरी पडत होता का?

शेवटी धाकटा भाऊ खंगला. पोटाचा नगारा, हातापायांच्या काड्या. वडील घाबरले आणि आम्हा दोघांना कल्याणच्या डॉक्टरांकडे घेऊन गेले. डॉक्टरांनी चक्क गोड औषध दिलं, सगळ्या घराने एकाच दिवशी घ्या म्हणाले, आणि विचारलं, "पोरं परसाकडे कुठे बसतात? जेवण कोण भरवतं?"

लहान पोरं बसायची अळवाच्या वाफ्यामागे. वाफा आत्याचा. आत्या म्हणजे वडिलांची थोरली बहीण, कोवळ्या वयात विधवा होऊन आमच्यातच राहिलेली. ती सकाळी वाफ्यातली माती उकरायची, मग अंघोळ करून सोवळ्यात स्वयंपाक करायची आणि दहीभात कालवून आमच्या तळहातांवर वरून घास टाकायची. साबणाला मात्र शिवायची नाही. साबणात चरबी असते, सोवळं मोडतं.

"बाईंची नखं काढा, हात साबणाने धुवायला लावा," डॉक्टर म्हणाले. "जंतांना सोवळं कळत नाही."

आता हे आत्याला सांगणार कोण? वडिलांची छाती होईना. आई तर तिच्यापुढे वर मान करून बोलायची नाही. दोन दिवस नुसती कुजबुज. तिसऱ्या दिवशी भाऊ घासासाठी हात पुढे करून बसला, आणि मी बोंबलले, "खाऊ नकोस रे, आत्याच्या नखांत जंत आहेत!"

आईने कपाळावर हात मारला. आत्या भात तसाच ठेवून उठली. दोन दिवस आईने वाढलं, आणि मला घास गिळवेना. आत्या आता आम्हाला कधीच भरवणार नाही, या धास्तीने सारखं रडू यायचं. मेली माझी जीभ!

त्यानंतरच्या सकाळी आत्या नखं काढून, साबणाने हात धुऊन दहीभात घेऊन बसली. "या रे मेल्यांनो, बघता काय?" घासाला साबणाचा वास येत होता. आम्ही मिटक्या मारत खाल्ला.

जंत गेले. भावाने अंग धरलं. आत्या मात्र आम्हाला भरवून झालं की रोज पुन्हा विहिरीवर जायची, दोन कळश्या अंगावर ओतून ओलेत्याने यायची, आणि मगच स्वतः जेवायला बसायची. पौषातल्या थंडीतसुद्धा. आम्हाला वाटायचं, आत्याला अंघोळीची भारी हौस.