इंदुबाईंचा मोबाइल गिरणीत जातो

मांजरी गावात उसाच्या शेताला लागून तीन इमारती उभ्या राहिल्यात. त्यातल्या मधल्या इमारतीत अंगारकीला मोदक करतात फक्त इंदुबाई. खातात मात्र सगळे.

इंदुबाईंना लिहायचा कंटाळा. शिवाय मोदक सांगणारे लोक कुठे गाठतील याचा नेम नसतो. कुणी लिफ्टमध्ये गाठतं, कुणी भाजीच्या गाडीपाशी, कुणी तर देवळात प्रदक्षिणा घालताना मागून येऊन कानात "काकू, एकवीस" म्हणून पुढं निघून जातं. मग इंदुबाई मोबाइल तोंडापाशी धरतात आणि त्यात बोलून ठेवतात, "तिसरा मजला, मुक्ताई, अकरा. गोड कमी." हीच त्यांची वही.

अंगारकीच्या आदल्या संध्याकाळी त्यांनी ते सगळं लावून ऐकलं आणि बोटांवर मोजलं. तेवीस घरं झाली. तेवीस घरचे उपास उद्या चंद्र दिसल्यावर आपल्या मोदकांवर सुटणार, हे मनात आलं आणि त्यांनी पुन्हा पहिल्यापासून मोजलं. लग्नात एखाद्याचं ताट चुकलं तर माणूस रुसतो, आणि रुसवा काढता येतो. पण दिवसभर उपाशी राहिलेल्याचं ताट चुकलं तर वरून बघणाऱ्याला काय सांगायचं?

सकाळी सातला त्या पूजेला बसल्या. मोबाइल देव्हाऱ्याला टेकवून गणपतीची एकवीस आवर्तनं लावली. ताम्हनात गणपती, हातात पळी, डोळे मिटलेले. पाचव्या आवर्तनाला मोबाइल घसरला आणि ताम्हनात गणपतीच्या शेजारी जाऊन बसला. इंदुबाईंचे डोळे मिटलेलेच. दूध झालं, दही झालं, तूप झालं, मध झाला. नवव्या आवर्तनाला मोबाइलमधल्या गुरुजींचा आवाज बसला. "बिचाऱ्यांना सर्दी झालेली दिसते," असं मनात म्हणून त्यांनी गुरुजींसाठीही देवाकडे मागून घेतलं. अकराव्याला गुरुजी गुळण्या करायला लागले, तेव्हा कुठे डोळे उघडले.

"अगं बाई! देवा, हे काय करून बसले मी!"

मोबाइल चिकट लागला म्हणून त्यांनी तो आधी नळाखाली स्वच्छ धुतला. मग सगळी बटणं दाबून पाहिली. काचेवर हिरवे-जांभळे पट्टे आले आणि गेले. तशाच सोवळ्यात त्या समोरच्या दारी गेल्या. तिथे शेफाली राहते. ती कॉम्प्युटरच्या कंपनीत आहे आणि तिचं ऑफिस तिच्या डायनिंग टेबलावरच भरतं.

"काकू, डोन्ट पॅनिक," शेफाली कानातलं काढून म्हणाली. "राइसमध्ये ठेवा. राइस सगळं मॉइश्चर ओढून घेतो."

"कुठला तांदूळ? साधा की आंबेमोहोर?"

"एनी राइस, काकू. माझी मीटिंग चालू आहे."

एवढ्या महत्त्वाच्या कामाला साधा तांदूळ कसा चालेल? मोदकाच्या पिठीसाठी आंबेमोहोर धुऊन, सावलीत वाळवून तीन किलोचा डबा भरून ठेवला होता. इंदुबाईंनी मोबाइल त्यात पार तळाशी खोचला आणि वर तांदूळ सारखा केला. मग एक शंका आली. झाकण लावायचं की उघडं ठेवायचं? विचारायला पुन्हा समोर गेल्या. शेफालीची मीटिंग संपेपर्यंत दारातच उभ्या राहिल्या. "लावा, काकू," असं उत्तर घेऊन परत आल्या, तर ओट्यावर डबाच नव्हता.

इंदुबाईंचे यजमान कोंडीराम. शहरातल्या बसवर तीस वर्षं कंडक्टर होते. त्यांना आदल्या दिवशी सांगितलं होतं, आठला डबा गिरणीत न्या. ते आठ म्हणजे आठला उठून गेले होते.

इंदुबाई धावल्या. कपाळाला गंध, हातात डब्याचं झाकण. गिरणी इमारतीच्या मागेच, पण त्या दिवशी ती त्यांना आळंदीएवढी लांब वाटली. पोचल्या तेव्हा गिरणी घरघरत होती.

"वैनी, या," गिरणीवाले बापूराव म्हणाले. ते धान्य ओतायच्या आधी नेहमी हात घालून बघतात. त्यांच्या हातात मोबाइल होता. "ह्ये बी दळायचं हाय का? बारीक काढू का जाडसर?"

"अहो!" इंदुबाई नवऱ्यावर घसरल्या. "डब्यात काय आहे ते बघू नये का माणसानं?"

"प्याशिंजरच्या पिशवीत काय हाय ते मी कधी बघितलं न्हाई," कोंडीराम शांतपणे म्हणाले. "पोचवायचं माझं काम."

गिरणीला लागूनच दत्तप्रसादचं मोबाइल दुरुस्तीचं दुकान. मूळचा तो पेठेतला, त्यामुळे एक शब्द जास्त खर्च करत नाही.

"कशात पडला?"

"पंचामृतात."

"मग काय केलं?"

"धुतला."

"साबण लावला?"

"नाही."

"उपकार झाले." त्याने चिमट्याने चार्जिंगच्या भोकातून तांदळाची कणी काढून त्यांच्या तळहातावर ठेवली. "काकू, भिजला की पहिल्यांदा बंद करायचा. बटणं दाबायची नाहीत, चार्जरला लावायचा नाही. सिम काढायचं, पुसायचं आणि पंख्यासमोर उभा ठेवायचा. तांदळाचा भात करायचा."

"पण शेफाली म्हणाली, ओल ओढतो."

"तांदूळ एवढी ओल ओढत असता तर पावसाळ्यात लोकांनी छत्रीऐवजी गोणी घेतली असती. आत मध गेलाय. उघडून साफ करावा लागेल. उद्या संध्याकाळी या."

"उद्या? अरे बाबा, उपास आज सुटायचेत! कुणाचे किती, सगळं त्यातच आहे!"

"मोबाइलचा उपास उद्या सुटेल," असं म्हणून दत्तप्रसादने स्क्रू काढायला घेतला.

इंदुबाई गिरणीच्या पायरीवर बसल्या. रडू यायचंच बाकी होतं. कोंडीरामांनी बायकोकडे पाहिलं, पिठीचा डबा पाहिला, आणि म्हणाले, "ऊठ. मी दारोदार जाऊन इचारतो. तेवीसच हायत ना? मी एका फेरीत ऐंशी तिकिटं फाडायचो."

आणि खरंच, वरच्या मजल्यापासून त्यांनी सुरुवात केली. बेल वाजवायची, दारात तिरकं उभं राहायचं आणि ओरडायचं, "बोला! मोदक!" जे गडबडले त्यांना "लवकर बोला, मागं लोक खोळंबल्यात." मुक्ताईंनी अकराचे पंधरा केले. राजनंदिनी म्हणाली, "मी सांगितलेच नव्हते, पण आता द्या." कोंडीराम म्हणाले, "जागा न्हाई, पुढच्या अंगारकीला या."

दुपारी ते खाली आले आणि एका दमात सगळं बोलून दाखवलं. इंदुबाईंनी नारळ परतता परतता बोटांवर मोजलं. बावीस.

"अहो, बावीसच झाले. एक राहिलं."

"समदी दारं वाजवली मी. जिना बी सोडला न्हाई."

"मग कुणीतरी बाहेरचं असणार. देवळातलं. देवा, कोण असेल हो?"

सांगणारं कोणी नव्हतं. मग इंदुबाईंनी त्या अनोळखी उपाशी माणसासाठी अंदाजाने अकरा मोदक जास्तीचे केले. चांगल्या कळ्यांचे, केशराचं बोट लावलेले. संध्याकाळपासून लोक येऊन डबे नेऊ लागले. बावीस डबे गेले. एक राहिला. इंदुबाई दर पाच मिनिटांनी दार उघडून जिन्यात डोकावत होत्या. चंद्र इमारतीच्या टाकीवर आला. कुणी आलं नाही.

"जेवायला बसायचं का?" कोंडीरामांनी हळूच विचारलं.

"तुम्हाला जेवण सुचतं? तिकडे कुणीतरी माझ्या मोदकांची वाट बघत सकाळपासून उपाशी बसलं असेल!"

"बसलंय की," कोंडीराम म्हणाले. "मी बसलोय. आपलं मोदक कुठं हायत?"

इंदुबाईंना एकदम आठवलं. दर वेळी सगळ्यात शेवटी, जांभई देत देत, त्या मोबाइलमध्ये बोलून ठेवायच्या, "आणि घरचे, अकरा. नैवेद्याचे." त्यांनी डब्याकडे बघितलं. मग देव्हाऱ्याकडे बघितलं. गणपतीसमोरची वाटी सकाळपासून रिकामीच होती.

"गप्पा काय मारताय," त्या म्हणाल्या, "तूप आणा आधी."