पैनगंगेत होडी कुठून सोडायची?

मित्रांनो, आज सकाळी किनवटजवळ पैनगंगा चालत ओलांडली. चप्पलसुद्धा ओली झाली नाही.

गेलो होतो पाहणीला. गौतम आणि मी, पन्नाशी उलटलेले दोन शहाणे, तीन वर्षांपासून या नदीत रबरी होडी घालायचा बेत आखतोय. खडकांतून उसळणाऱ्या पाण्यात आम्ही वल्ही मारणार. होडी तयार, नकाशा तयार. पाऊस तेवढा तयार नाही.

यंदा गौतमला थांबायला वेळ नाही. तो नांदेडला दवाखान्यात आहे आणि डॉक्टरांनी दिवाळी धरू नका म्हणून सांगितलंय. "तू बघून ये. पाणी आलं की मला उचलून होडीत बसव," म्हणाला.

भर श्रावणात पात्रात वाळूचा ट्रॅक्टर उभा होता. माझा बेत ऐकून ड्रायव्हर म्हणाला, "सायेब, होडीला चाकं लावा. मी वढत नेतो की."

तेवढ्यात गौतमचा फोन आला. "हाय का पाणी?"

"लई हाय," माझ्या तोंडून निघून गेलं.

"आवाज ऐकव."

मी फोन पात्राकडं धरला. ड्रायव्हरनं नेमका तेव्हाच ट्रॅक्टर सुरू केला.

गौतम बराच वेळ ऐकत राहिला. मग हळूच म्हणाला, "नदी डिझेलवर चालून राहिली का रे?"

मी फोन ठेवला.

आता दवाखान्याच्या गेटवर बसून हे लिहितोय. भेटायची वेळ संपत आली आहे. आत जाऊन त्याला काय सांगू, कुणी सांगेल का?